दोन १/६ फिगर्स आणि एक तुटलेली ग्रिप : वेपन स्वॅपचं एक पूर्ण प्रकरण

प्रकरण माझ्या एका कलेक्टर मित्राचं आहे. त्याच्याकडे दोन मिलिटरी फिगर्स आहेत, म्हणजे सैनिकांच्या बाहुल्या, दोन्ही १/६ स्केलच्या म्हणजे खऱ्याच्या सहाव्या हिश्शाएवढ्या, साधारण ३० सेंटीमीटर उंच, पण कंपन्या वेगळ्या आणि काळही वेगळा. पहिली आहे २००१ च्या शेवटी अफगाणिस्तानात उतरलेल्या अमेरिकन स्पेशल फोर्सेसच्या सैनिकाची, दाढी वाढलेली, डोक्यावर पकोल ही अफगाणी लोकरी टोपी, हातात एम-४ए१ कार्बाइन. दुसरी बरीच अलीकडच्या काळातली, हेल्मेटवर नाइट व्हिजन, अंगावर प्लेट कॅरियर म्हणजे चिलखती पट्ट्यांचं जॅकेट, आणि हिच्या हातातही एम-४ए१ च, फक्त नव्या सेटअपची. झालं असं की पहिल्या फिगरची पोझ बदलताना रायफलची पिस्टल ग्रिप, म्हणजे ट्रिगरमागची मूठ, रिसीव्हरपासून म्हणजे बंदुकीच्या मधल्या धडापासून कटकन तुटली, आणि साहेबांनी लगेच ठरवून टाकलं की दुसरीची रायफल हिला द्यायची, म्हणजे वेपन स्वॅप करायचा, ती दुसरी तशीही काचेच्या कपाटात मागच्या रांगेत उभी असते, तिला पिस्तुल पुरेल. मला फक्त एवढंच विचारलं की, काय रे, दोन्ही एम-४ए१ च आहेत, मग प्रॉब्लेम काय येणार?

प्रॉब्लेम बरेच आले. पण ज्याची भीती होती तो काही मोठा नव्हता, आणि ज्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं तो सगळ्यात मोठा निघाला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मापं. खरी एम-४ स्टॉक (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) पूर्ण बाहेर काढल्यावर ८३८ मिलीमीटर असते, स्टॉक आत ढकलल्यावर ७५७. सहाने भागलं की १४० आणि १२६ च्या आसपास येतं. व्हर्नियर लावला तर पहिल्या फिगरची तुटकी रायफल जवळपास बरोबर १४० भरली, आणि डोनरची म्हणजे दुसऱ्या फिगरची १४३ च्या पुढे. तीन मिलीमीटर म्हणजे काय मोठं असं वाटतं, पण उलटं सहाने गुणा, खऱ्या बंदुकीत ते जवळपास दोन सेंटीमीटर होतात. तरी खरं सांगू का, डोळ्याला लांबी कळत नाही. कपाटात ठेवल्यावर चार मिलीमीटरपर्यंतचा फरक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. डोळ्याला खटकते ती जाडी, रिसीव्हर जाडा दिसला की बंदूक खेळण्यातली वाटायला लागते, आणि डोनरची रायफल तिथे जाडीच होती.

इथे थोडं विषयांतर करतो कारण "१/६" या शब्दावर लोकांचा फार विश्वास असतो. हॅस्ब्रोने १९६४ मध्ये जी. आय. जो आणला तेव्हा तो साडेअकरा इंचाचा होता, सहाने गुणलं तर माणूस ५ फूट ९ इंचाचा होतो. आज बऱ्याच बॉडी १२ इंचांच्या असतात म्हणजे सरळ ६ फुटांचा गडी. उंचीत अर्ध्या इंचाचा फरक, पण दोन्हीला नाव १/६ च. आणि हात तर त्याहून वेगळंच प्रकरण, मोठ्या माणसाचा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण १९ सेंटीमीटर धरला तर १/६ मध्ये ३२ मिलीमीटरच्या आत यायला हवा, पण बोटं नाजूक झाली की मोडतात म्हणून बनवणारे हात थोडे जाड करतात, मग त्या जाड हातात शोभावी म्हणून ग्रिप थोडी जाड करतात, मग तिला साजेसा रिसीव्हर. म्हणजे प्रत्येक कंपनीची बंदूक ही खऱ्या बंदुकीवरून जेवढी मापलेली असते तेवढीच स्वतःच्या हातावरूनही मापलेली असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता काळाचा प्रश्न. मित्राला वाटत होतं नाव एक म्हणजे बंदूक एक. कार्बाइन एकच आहे हे खरं, बॅरल दोन्हीकडे साडेचौदा इंचांचं, पण वरचा साज वेगळा. २००१ च्या फिगरवर असतो तो सॉपमॉड ब्लॉक वन म्हणतात तो जोडसामानाचा सेट, त्यात नाइट्स आर्मामेंट कंपनीची छोटी रेल, म्हणजे जोडसामान अडकवायची खाचांची पट्टी, जी हँडगार्डपुरतीच असते आणि पुढच्या त्रिकोणी फ्रंट साइटपाशी संपते, वर नेम धरायला एकॉग किंवा एमपॉइंट साइट, पीईक्यू-२ लेझर, खाली उभी ग्रिप नाहीतर एम-२०३ ग्रेनेड लाँचर. दुसऱ्या फिगरवर ब्लॉक टू, त्यात डॅनियल डिफेन्सची भुरकट रंगाची लांब रेल, जी फ्रंट साइटच्याही पुढे जाते. ही रेल २००१ मध्ये नव्हतीच. म्हणजे पकोल घातलेल्या, घोड्यावरून फिरलेल्या टीमच्या माणसाच्या हातात ती दिली की ज्याला माहिती आहे त्याची नजर पहिली तिथेच जाणार. ज्याला नाही माहिती त्याला काही फरक पडत नाही, आणि कपाट तुमचं आहे, पण माझ्या मित्राने ती फिगर घेतलीच होती त्या काळासाठी, तेव्हा त्याच्यापुरतं तरी उत्तर स्पष्ट होतं.

तरी आम्ही ती रायफल लावून बघितली, कारण बघितल्याशिवाय तो ऐकणारा नाही.

पहिलं अडलं मॅगझिन. पहिल्या फिगरच्या पाउचमधली मॅगझिन डोनर रायफलच्या मॅगवेलमध्ये, म्हणजे मॅगझिन बसवायच्या खाचेत, जाईना, आणि डोनरची मॅगझिन आत जाईल पण मग पाउचमधल्या मॅगझिनपेक्षा ती उठून वेगळी दिसते, रंग वेगळा, खालच्या प्लेटचा आकार वेगळा. बरं सगळी मॅगझिन बदलू म्हटलं तर डोनरची जाडी मॅगझिन पहिल्या फिगरच्या पाउचमध्ये गेली की झाकण बंद होत नाही. म्हणजे बंदूक घेतली की मॅगझिन आली, मॅगझिन आली की पाउच आले, पाउच आले की वेस्ट आली, आणि वेस्ट नवीन काळातली. सून एकटी येत नाही, सगळं माहेर मागून येतं तसं.

गंमत बघा. खऱ्या जगात हीच सगळ्यात सोपी गोष्ट आहे. एम-४ चं मॅगझिन कुठल्याही कंपनीचं घ्या, त्याच पॅटर्नचं असलं की बसतं. रेलचंही तसंच, पिकॅटिनी रेलचं अमेरिकन लष्करी स्टँडर्ड १९९५ चं आहे, मिल-स्टँडर्ड-१९१३, त्यात रेलची रुंदी २१.२ मिलीमीटर, खाचेची रुंदी ५.२३, एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंतचं अंतर १०.०१, सगळं शंभराव्या भागापर्यंत बांधलेलं, म्हणून एका कंपनीची दुर्बीण दुसऱ्या कंपनीच्या रायफलवर निमूट बसते. आता हे सगळं सहाने भागा, रेल साडेतीन मिलीमीटर, खाच ०.८७, अंतर १.६७. साच्यात एका दशांश मिलीमीटरचा फरक पडला, वर रंगाचा एक थर आला, की क्लॅम्प एकतर बसत नाही नाहीतर लोंबतो. आणि या छोट्या बंदुकांना असं बांधून घालणारं कुठलंही स्टँडर्ड नाही, प्रत्येक कंपनी आपल्यापुरतं जुळवते. खऱ्या बंदुकीचे पार्ट अदलाबदल होतात म्हणून १/६ चे होतील हा जो अंदाज असतो ना, तिथेच बहुतेक स्वॅप फसतात. जे पार्ट खऱ्या जगात स्टँडर्ड आहेत, नेमके तेच इथे सगळ्यात बेभरवशाचे.

हे कळल्यावर त्याने दुसरी आयडिया काढली. दोन्ही रायफलींचे अप्पर आणि लोअर रिसीव्हर, म्हणजे धडाचा वरचा आणि खालचा भाग, वेगळे होतात, दोन पिनांवर, खऱ्यासारखेच. मग डोनरचा लोअर, ज्याची ग्रिप धड आहे, तो घ्यायचा आणि त्यावर आपला २००१ चा अप्पर चढवायचा. कागदावर आयडिया एकदम झकास, काळही सांभाळला जातो. पण पुढची पिन बसली तर मागची जुळेना, केसभर पुढे. भोक जरा कोरलं असतं तर बसलं असतं. मी नाही म्हटलं. माझा एक नियम आहे आणि त्यावर मी अडून बसतो : डोनर फिगरवर असं काही करायचं नाही जे परत पूर्वीसारखं होणार नाही. कोरणं नाही, सुपरग्लू नाही, रंग नाही. फिगर उद्या विकायची झाली तर घेणारा आधी विचारतो की सगळं ओरिजिनल आहे का आणि कम्प्लीट आहे का, आणि कोरलेली भोकं फोटोत दिसतात. तुटक्या रायफलवर मात्र काहीही करा, ती तशीही तुटलीच आहे.

मधे कुणीतरी त्याला सुचवलं की एके घाल, एका जुन्या फिगरची एकेएम सुटी पडली आहे ना. अफगाणिस्तान म्हटलं की एके शोभून दिसते यात वाद नाही. पण एकेचं मॅगझिन वाकडं आणि रुंद, ते एम-४ च्या पाउचमध्ये जात नाही, म्हणजे परत चेस्ट रिग (छातीवरचा पाउचचा पट्टा) वेगळी हवी, आणि मग छातीवर एम-४ ची मॅगझिन भरलेली आणि हातात एके असा विनोद. पाठीवर जप्त केलेली म्हणून लटकवायची असेल तर छान आहे, तिथे मॅगझिनचा प्रश्नच येत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इतका वेळ आम्ही सगळे बंदुकीकडे बघत होतो. तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं की ग्रिप खाली पडून तुटल्यासारखी नाही, पिळवटून तुटली आहे, एका बाजूला प्लास्टिक पांढरं पडलेलं, ताण आल्यावर पडतं तसं. मग तो हात तपासला. ट्रिगर हँड, म्हणजे तर्जनी वेगळी आणि बाकीची तीन बोटं वळलेली, ती ग्रिप पकडण्यासाठीच असते. पण हा हात कडक प्लास्टिकचा होता, बोटांमधली फट ग्रिपपेक्षा स्पष्ट अरुंद, वर्षानुवर्षं तसाच राहून अजून कडक झालेला असणार. पोझ बदलताना मित्र प्रत्येक वेळी बंदूक ओढून काढायचा आणि पिळून परत घालायचा. एक दिवस ती जाणारच होती. आणि डोनरची जाडी ग्रिप त्याच हातात घुसवली असती तर तीही गेली असती, तीही चांगल्या अवस्थेतली, म्हणजे एकाच्या जागी दोन तुटक्या रायफली.

म्हणून मला वाटतं वेपन स्वॅपची सुरुवात बंदुकीपासून करूच नये, हातापासून करावी. कोणती बंदूक कोणाला द्यायची हा नंतरचा प्रश्न, हा हात ती ग्रिप न पिळता पकडतो का हा पहिला. बघायची पद्धत सोपी आहे, हात मनगटातून काढून घ्या, सुटा हात आणि सुटी बंदूक, आधी ग्रिपचा वरचा भाग अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात टेकवा, मग बोटं एकेक करून वळवा, वरून खाली दाबून घुसवायचं नाही. अडलं तर हात गरम करा. हेअर ड्रायर थोडा लांबून, नाहीतर गरम पाण्यात अर्धा मिनिट, उकळत्या नाही. मऊ पीव्हीसीचा हात लगेच सैल होतो, बंदूक आत घाला, थंड होऊ द्या, तो त्या आकारात बसतो. बंदूक गरम करू नका, पातळ बॅरल आणि अँटेना हा हा म्हणता वाकतात आणि मग सरळ करायला गेलं की लाटेसारखे होतात.

पण त्या पहिल्या फिगरचा हात गरम करूनही ऐकेना, कारण तो मऊ पीव्हीसीचा नव्हताच. तेव्हा डोनरचे हात आठवले. नव्या फिगर्सबरोबर हातांच्या तीन-चार जोड्या येतात, मुठी, सैल हात, ट्रिगर हँड, आणि याच्या डोनरकडे ग्लोव्ह घातलेल्या ट्रिगर हँडच्या दोन जोड्या होत्या, एक नकल्सवर कडक कवच असलेली आणि एक साधी. ग्लोव्हवाला हात स्वॅपसाठी सोन्यासारखा, कारण कातडीचा रंग जुळवायची कटकट नाही, उघडा हात दुसऱ्या फिगरचा घातला की मनगटापाशी रंगाची रेघ दिसते आणि चेहरा एका माणसाचा, हात दुसऱ्याचा असं होतं. कवचवाली जोडी २००१ च्या माणसाला नको वाटली, साधी घेतली.

त्यात रिस्ट पेगचा घोळ झाला. मनगटातली ती छोटी खुंटी, एक टोक हातात आणि एक टोक बाहूत, तिचा आकार दोन्ही कंपन्यांचा वेगळा. डोनरच्या हातात पहिल्या फिगरचा पेग घातला तर डुगडुगतो. डोनरचा पेग बाहूत जाईना. इथे लोक सुपरग्लू घेतात आणि आयुष्यभर पस्तावतात. प्लंबर वापरतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा पहिल्या फिगरच्या पेगवर देऊन तो हाताच्या भोकात घातला, घट्ट बसला, हलतोही नीट, आणि काढायचा झाला तर टेप निघून येते, मागे काही राहत नाही. भोक अरुंद असतं तर हात गरम करून घातला असता. पेग कधीही गार हातात जोर लावून घालू नये, पेग तुटला आणि अर्धा आत राहिला की तो बाहेर काढणं म्हणजे शिक्षा आहे.

हात जुळल्यावर रायफलचा निर्णय आपोआप झाला. मूळचीच ठेवायची आणि दुरुस्त करायची. मोडलेल्या दोन्ही बाजूंना पिन व्हाइसने म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने बारीक भोक, त्यात अर्धा मिलीमीटरची पितळी तार, आणि दोन भाग मिसळून वापरतात ते इपॉक्सी अगदी टाचणीच्या टोकाएवढं. सुपरग्लू इथेही टाळला, मॅट काळ्या प्लास्टिकवर त्याची वाफ बसून पांढरट धूर आल्यासारखं होतं आणि ते घासून जात नाही. तार नसती तर नुसत्या गोंदावर ती ग्रिप पुढच्या पोझला परत सुटली असती, कारण सगळा ताण तिथेच येतो.

वजनाचंही एक सांगतो, कारण मित्राला डोनरची रायफल आवडायचं खरं कारण तेच होतं, तिचं बॅरल आणि रिसीव्हर मेटलचे, हातात जड लागते, भारी वाटते. लांबी सहा पट कमी झाली की वजन सहा पट कमी होत नाही, सहा गुणिले सहा गुणिले सहा म्हणजे २१६ पट कमी व्हायला हवं. खरी एम-४ मॅगझिनशिवाय साधारण २.९ किलो, म्हणजे १/६ मध्ये १३-१४ ग्रॅमच. झिंक अलॉय हे एबीएस प्लास्टिकच्या सहापटीपेक्षा जड असतं, तेव्हा मेटलचे पार्ट आले की बंदूक स्केलच्या हिशेबात अवजड होते आणि पुढे रोखलेली पोझ दिली की खांद्याचा जॉइंट हळूहळू खाली येतो, आठवड्याने बघावं तर माणूस जमिनीवर नेम धरून उभा. नव्या फिगरचे जॉइंट त्या वजनासाठी घट्ट केलेले असतात, जुन्या सैल बॉडीला ते झेपत नाही. मेटलचं कौतुक बॉक्स उघडताना असतं, कपाटात प्लास्टिकच बरं असं माझं मत आहे, अनेकांना पटत नाही.

स्लिंगला फार वेळ लागला नाही, मूळचीच होती. फक्त हुक लावताना चिमटा वापरा आणि चिमट्याच्या टोकांना टेप गुंडाळा, नाहीतर रंग खरवडतो. पिस्तुलाचा प्रश्न तर न बदलताच सुटला : पहिल्याकडे एम-९ होतं, त्याचं होल्स्टर मांडीवर बांधायचं, कापडी, त्याला कसलंही पिस्तुल चालतं. उलट डोनरकडे लाइट लावलेलं ग्लॉक-१९ आणि कडक प्लास्टिकचं, त्याच आकारात ओतलेलं होल्स्टर. एम-९ खऱ्यात २१७ मिलीमीटर, म्हणजे १/६ मध्ये ३६ आणि ग्लॉक-१९ जेमतेम ३१. कडक होल्स्टर असेल तर पिस्तुल आणि होल्स्टर हा एकच पार्ट समजा, वेगळे करून देऊ नका आणि घेऊ पण नका.

एक गोष्ट मात्र डोनरकडून घेतलीच, एकॉग. पहिल्या फिगरची एकॉग कधीतरी हरवली होती आणि डोनरबरोबर जास्तीची होती. अपेक्षेप्रमाणे क्लॅम्प सैल, पुढेमागे सरकायची. रेलवर काळ्या मास्किंग टेपची बारीक पट्टी लावली, खाचा भरून न टाकता फक्त कडेला, आणि क्लॅम्प धरला. जवळून फोटो काढला तर पट्टी दिसते, हातभर अंतरावरून नाही.

सगळं जुळल्यावरही बंदूक कायम त्या हातात कोंबून ठेवू नका. मऊ पीव्हीसीमधलं प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारं रसायन, हळूहळू बाहेर येतं आणि दुसऱ्या प्लास्टिकला टेकलेलं असलं की त्याला चिकट करतं, रंग ओढून घेतं, उन्हात किंवा दिव्याच्या उष्णतेत लवकर. ग्रिप आणि तळहातामध्ये पॉलिथिनचा पातळ तुकडा घालून ठेवला की पुरतं. मित्राने तो ग्लोव्हच्या आतून कापून बसवला, बाहेर दिसत नाही.

आता पहिली फिगर तिच्याच दुरुस्त रायफलीसह उभी आहे, परक्या हातांनी धरलेल्या. दुसरी कवचवाल्या ग्लोव्हमध्ये, स्वतःच्या रायफलीसह, आणि मागच्या रांगेतून पुढे आली आहे कारण त्या निमित्ताने तिची धूळ पुसली गेली. पहिल्याचे मूळचे कडक हात आणि पेग एका झिप पाउचमध्ये, वर चिठ्ठी, कोणाचे आहेत आणि यांनी ग्रिप तोडली आहे असं लिहून. डोनरच्या बॉक्समध्येही चिठ्ठी आहे की साधे ग्लोव्ह हात आणि एक एकॉग उसने दिलेत, कुठे दिलेत ते, म्हणजे विकायची वेळ आली तर आधी ते परत आणायचे. मित्र म्हणाला चिठ्ठ्यांची काय गरज, माझ्या लक्षात राहील. मी विचारलं की मग पहिली एकॉग कुठे गेली, तेव्हा त्याने पेन घेतलं.